मतदारसंघांच्या सरहद्दी : सांगोला

छत्रपती रामराजांच्या हातची राज्यकारभाराची मुखत्यारी पेशव्यांकडे गेली ती सांगोल्याच्या मुक्कामी १७५० साली झालेल्या करारान्वये, हे इतिहासाच्या वाचकास ठाऊकच आहे. परंतु प्रजासत्ताकाच्या काळात या दुष्काळी तालुक्याने जी कीर्ती मिळविली ती सत्ता एका हातातून दुसऱ्या हाती दिल्याची नव्हे, तर अर्धशतकाहून अधिक काळ ती बहुधा एकाच हाती ठेवल्याची होय.

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ साली येथून प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत, एक पोटनिवडणूक धरून, तब्बल अकरा वेळा विधानसभेत गेले. यावरून हा त्यांचा निर्वेध वतनी मुलूख होता असे कोणी समजेल, तर ते साफ चूक ठरेल. १९७२ साली काँग्रेसने त्यांना हरविले, १९७४ च्या पोटनिवडणुकीने ते परतले; आणि १९९५ साली शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते हरले ते अवघ्या १९२ मतांनी. एवढी मते माणगंगेच्या काठच्या एखाद्या वस्तीच्या केंद्रावरही सापडावीत! पराभव पचवून १९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि मंत्रीही झाले, यातच त्यांच्या जनसंपर्काचे मर्म आहे.

माझ्या मते या दीर्घ निष्ठेचे एक कारण मतदारसंघाच्या आखणीतही शोधले पाहिजे. तालुका हाच मतदारसंघाचा कणा राहिल्यामुळे टंचाई, चारा छावणी, रोजगार हमीची कामे आणि पाण्याची पाळी यांचा जाब एकाच कचेरीत आणि एकाच आमदारास विचारता येई. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे केलेली पुनर्रचना २००८ साली अमलात आली, तेव्हा सांगोला तालुका अखंड राहिला, आणि त्यास पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ जोडले गेले. लोकसंख्येचा मेळ घालताना खरी झीज सोसली ती शेजारच्या पंढरपूर तालुक्याने. तो चार मतदारसंघांत वाटला गेला. भाळवणी मंडळातील शेतकऱ्याची व्यथा यात दिसते : सातबाऱ्याची तक्रार घेऊन त्याने पंढरपूरच्या तहसीलदारापुढे उभे राहायचे, आणि मत मात्र सांगोल्याच्या उमेदवारास द्यायचे. आयोगाच्या नकाशावर ही रेघ निर्दोष असेल. तलाठ्याच्या दप्तरापाशी तिचा जाच होतो.

२०१९ साली वार्धक्यामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत, आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव निवर्तले. पुढच्याच वर्षी शहाजीबापूंच्या तोंडून गाजलेल्या ‘झाडी’ आणि ‘डोंगार’ या शब्दांनी सांगोल्याच्या बोलीस जी प्रसिद्धी दिली, तिची या लेखात चिकित्सा करण्याचे प्रयोजन नाही. विनोदाने लोक हसतात, मत देतीलच असे नाही. २०२४ च्या तिरंगी लढतीत दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे परत आणली.

पुढील लेखांकात चार वाटणीदारांच्या पंढरपूर तालुक्याचा विचार करू. त्या तालुक्यातील वाचकांनी आपले गाव कोणत्या मतदारसंघात मोडते, हे तोवर मतदारयादीत पाहून ठेवावे.