गवतातला न कळणारा दंश

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी निघते. कुशावर्तात स्नान करून हजारो माणसे, त्यांतली कित्येक अनवाणी, चालू लागतात. वाटेत चिखल, ओले गवत, झुडपांची दाटी. थकल्यावर बैठकही त्याच गवतात. घरी परतल्यावर पायांचे फोड सर्वांना दिसतात. काखेत, कमरेपाशी किंवा जांघेत झालेला एखादा बारीक दंश मात्र कोणी शोधीत नाही. साप-विंचवाचे भय आपल्या अंगी मुरलेले आहे, डासांचे भय डेंग्यूने शिकविले; गवतातल्या या दंशाविषयी मात्र सुशिक्षित माणूसही अनभिज्ञ आहे.

हा दंश चिगरचा. माइट नावाच्या, कोळ्याच्या कुळातल्या सूक्ष्म जीवाचे ते पिल्लू. आकार मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. उंदीर-घुशींच्या अंगावर पोसणारे हे पिल्लू माणसाला चावते तेव्हा वेदना होत नाही, आणि नेमका हाच घात आहे. त्याच्या दंशातून स्क्रब टायफस हा ताप होतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरील सैनिकांना त्याने हैराण केले होते. ती जुनी गोष्ट म्हणावी, तर २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस नागपूर व विदर्भात त्याची साथ आली आणि माणसे दगावली.

ताप येतो तो दंशानंतर साधारणतः दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही. तोवर फेरी विस्मरणात गेलेली असते. मग मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू यांच्या तपासण्यांत दिवस जातात आणि इकडे फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला पडतो. वस्तुतः यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध स्वस्त आहे व वेळेत दिल्यास बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. पेनिसिलिनच्या वर्गातली औषधे मात्र येथे निरुपयोगी ठरतात. दंशाच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर निदान सोपे होते. पण ती प्रत्येकाला येतेच असे नाही, आणि आली तरी दुखत नसल्याने व आडजागी असल्याने रोगी ती दाखवीत नाही. संकोच सोडून ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे.

गोचीड हा याच कुळातला थोरला भाऊ. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली आढळलेला माकडताप गोचिडीमुळेच पसरतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा छडा लावला. २०१६ साली तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोचला. अंगाला चिकटलेल्या गोचिडीला रॉकेल लावण्याची किंवा उदबत्तीचा चटका देण्याची आपल्याकडची रीत घातक आहे. त्रासलेली गोचीड आपली लाळ जखमेत अधिकच सोडते. बारीक चिमट्याने ती कातडीलगत धरावी, न पिळता सरळ वर ओढावी, मग जागा साबणाने धुवावी. बोटांनी चिरडू नये.

प्रतिबंधाला खर्च थोडा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली विजार, उघड्या अंगाला डीटयुक्त मलम, बसायला सतरंजी. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंग घासून आंघोळ करावी. अनवाणी चालण्याचे व्रत ज्याचे आहे त्याला चपला घाला म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. पण परतल्यावरची आंघोळ त्याच्या व्रताआड येत नाही.

शिक्षकांवर यात विशेष भार आहे. अंजनेरीला किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सहली नेताना पालकांची लेखी संमती आपण घेतोच. तीन आठवड्यांत मुलाला ताप आल्यास डॉक्टरांना सहलीची तारीख व ठिकाण सांगावे, ही एक ओळ त्याच कागदाच्या तळाशी छापायला शाळेला पैसाही अधिक पडणार नाही.