डिझेल इंजिनासाठी ऑइलची ग्रेड कशी निवडावी

ऑइलच्या कॅनवर ‘१५डब्ल्यू-४०’ असे छापलेले तुम्ही अनेकदा पाहिले असेल. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, पिकअप, जिथे डिझेल इंजिन आहे तिथे हा आकडा कधी ना कधी भेटतोच. त्याचा अर्थ गॅरेजमध्ये विचारला, तर बहुधा उत्तर मिळते, “चाळीस म्हणजे जाड, तीस म्हणजे पातळ. आपल्याकडे ऊन फार, जाडच टाका.” या उत्तरात थोडे खरे आहे, पण उरलेल्या भागामुळे चांगली इंजिने खराब होतात. या पाठात आपण आधी तो आकडा वाचायला शिकू आणि मग आपल्या इंजिनाला कोणते ऑइल हवे ते कसे ठरवायचे ते पाहू.

द्रव वाहताना जो विरोध करतो त्याला श्यानता म्हणतात. व्हिस्कॉसिटी हा शब्द तुमच्या जास्त ओळखीचा असेल. पाण्याची श्यानता कमी, मधाची जास्त. तापमान वाढले की ती झपाट्याने घटते. नव्या १५डब्ल्यू-४० ऑइलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना साधारण १४. साठ अंशांच्या फरकात ती जवळजवळ आठपट कमी झाली! म्हणजे चालत्या इंजिनातले ऑइल हे तुमच्या स्वयंपाकघरात बरणीत ठेवलेल्या शेंगदाणा तेलापेक्षाही बरेच पातळ असते. म्हणून ऑइल बदलताना ते पाण्यासारखे बाहेर पडले, तर लगेच ‘ऑइल मेले’ असे म्हणू नका. गरम ऑइल तसेच दिसते. बोटांत चोळून ग्रेड सांगणारे मिस्त्री भेटतात, त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही सांगतो, हे बोटांना कळण्यासारखे नाही.

दोन आकडे, दोन वेगळ्या परीक्षा

ग्रेडची व्याख्या एसएई या अमेरिकी संस्थेच्या जे३०० नावाच्या मानकात आहे. ‘१५डब्ल्यू’ आणि ‘४०’ हे एकाच मोजपट्टीवरचे दोन बिंदू नाहीत. त्या दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत, निरनिराळ्या तापमानांना घेतलेल्या.

दुसरा आकडा सोपा आहे. ऑइल १०० अंशांना तापवून त्याची श्यानता मोजतात. ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान आली तर ग्रेड ३०, १२.५ ते १६.३ च्या दरम्यान आली तर ४०, आणि १६.३ ते २१.९ च्या दरम्यान आली तर ५०. इथेच एक मोठा गैरसमज दूर होतो. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइले गरम इंजिनात एकाच पट्ट्यात बसतात. ‘पाच म्हणजे पातळ, उन्हात टिकणार नाही’ ही भीती निराधार आहे.

पहिल्या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. या आकड्यासाठी ऑइलला थंडीत दोनदा तपासतात. १५डब्ल्यू ऑइलची श्यानता उणे २० अंशांना ७,००० सेंटिपॉइजच्या वर जाता कामा नये, म्हणजे सेल्फ मारल्यावर क्रँकशाफ्ट फिरू शकतो. दुसरी तपासणी आणखी पाच अंश खाली, उणे २५ ला होते. तिथे ऑइल पंपाला ओढता आले पाहिजे, त्यासाठीची मर्यादा ६०,००० सेंटिपॉइज आहे. ५डब्ल्यूसाठी हीच तापमाने उणे ३० आणि उणे ३५ अशी आहेत.

पंपाची परीक्षा मुद्दाम पाच अंश खाली का? कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरूच झाले नाही, तर ती गैरसोय झाली. पण इंजिन सुरू झाले आणि ऑइल मात्र संपमध्ये लोण्यासारखे गोठून पंपाच्या जाळीपाशीच अडकून राहिले, तर मिनिटाभरात बेअरिंग जाऊ शकते. म्हणून मानक असे आखले आहे की इंजिन फिरेनासे होण्याची वेळ आधी यावी आणि ऑइल पोचेनासे होण्याची नंतर.

डिझेलसाठी पहिला आकडा पेट्रोलपेक्षाही महत्त्वाचा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापली पाहिजे की फवारलेले इंधन आपोआप पेटेल. ऑइल घट्ट असेल तर क्रँक हळू फिरतो, दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, तिची उष्णता थंड लायनरला जाते आणि पेट काही घेत नाही. मग दोष बॅटरीला दिला जातो.

आता आपला देश पाहा. नागपूरला जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. १५डब्ल्यूच्या मर्यादेपासून तो अजून तीस अंश वर आहे. निव्वळ थंडीसाठी तिथे ५डब्ल्यूला जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. लेहमधल्या जनरेटरची गोष्ट वेगळी. तिथे हिवाळ्यात पारा उणे पंधराच्या आसपास उतरतो, कधी त्याहून खाली, आणि द्रासला आणखी खाली. तिथे १५डब्ल्यू अगदी काठावर येते, ५डब्ल्यू हवे. त्या थंडीत साधे डिझेलसुद्धा गोठू लागते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले ते याच कारणाने. नुसते ऑइल बदलून तिथे भागत नाही.

जाड ऑइल जास्त सुरक्षित असते का?

क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासत फिरत नाही. तो ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. थर फार पातळ झाला तर धातू टेकतात, म्हणून श्यानतेला खालची मर्यादा हवी, हे उघड आहे. पण वरची मर्यादाही हवी, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही.

समजा, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितले आहे आणि तुम्ही २०डब्ल्यू-५० भरले. ऑइल प्रेशरचा काटा वर गेला. चालक खूश. पण काटा वर गेला तो ऑइल जास्त पोचते म्हणून नव्हे, त्याला अरुंद वाटांतून जायला जड जाते म्हणून. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने ओढलेले ऑइल पुन्हा संपमध्ये सोडून देतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावरची पहिली मिनिटे हे असेच चालते. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल उशिरा पोचते. पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा मारून तो थंड ठेवणाऱ्या इंजिनात तो फवाराही मंदावतो. ऑइलचे काम नुसते वंगणाचे नसून उष्णता वाहून नेण्याचेही आहे, हे अशा वेळी लक्षात येते. शिवाय जाड ऑइल ढवळण्यात इंजिनाची शक्ती जाते, ते डिझेल तुमच्या खिशातून.

जुने इंजिन ऑइल खात असेल तर एक पायरी जाड ऑइल वापरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मॅन्युअलच्या तक्त्यात ती ग्रेड बसत असेल तर तात्पुरते तसे करायला हरकत नाही. पण त्याने रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचे सील दुरुस्त होत नाही, धूर फक्त काही महिने कमी दिसतो. माझे मत विचाराल तर आधी कॉम्प्रेशन तपासा, मग ऑइलचा विचार करा.

ग्रेड सारखी, ऑइल वेगळे

कॅनवर ग्रेडशेजारी ‘एपीआय सीआय-४’, ‘सीके-४’ अशी अक्षरे असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. बेअरिंगमध्ये ऑइलवर प्रचंड ताण पडतो, म्हणून १५० अंशांना वेगाने घासून त्याची आणखी एक श्यानता मोजतात. अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात सीके-४ आणि एफए-४ हे दोन डिझेल वर्ग एकाच वेळी लागू झाले. सीके-४ ऑइलची ही श्यानता किमान ३.५ सेंटिपॉइज असावी लागते, तर एफए-४ ची २.९ ते ३.२ च्या दरम्यान. दोन्ही कॅनवर ‘१०डब्ल्यू-३०’ असू शकते! एफए-४ हे इंधन वाचवण्यासाठी खास आखलेल्या इंजिनांसाठी आहे. जुन्या इंजिनात ते भरले तर आकडा बरोबर असूनही थर अपुरा पडेल.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या डिझेल वाहनांत काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. फिल्टरमधली काजळी जाळून साफ होते, पण ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते, आणि ‘ग्रेड तीच आहे ना’ म्हणून जुन्या वर्गाचे स्वस्त ऑइल भरणे फिल्टरच्या किमतीत पडते.

या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. काजळी जाळण्यासाठी काही इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारतात. त्यातले थोडे लायनरवरून उतरून संपमध्ये जाते आणि ऑइल पातळ होते. गाडी रोज शहरात चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर हे जास्त होते. उलट संपमध्ये काजळी साठली तर ऑइल घट्ट होते. म्हणजे भरताना निवडलेली ग्रेड वापरात तशीच राहत नाही. ऑइल काळे झाले याची काळजी करू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळे होतेच. पण डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असला, तर मुदतीची वाट न पाहता ते बदला.

प्रत्यक्ष निवड करताना मॅन्युअल उघडा. बहुतेक मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. तुमच्या गावचे वर्षातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान त्यावर धरा आणि दोन्ही ज्या पट्टीत बसतात ती ग्रेड घ्या. त्यानंतर वर्ग जुळवा. शेतावरच्या जुन्या एक सिलिंडरच्या पंपाला उत्पादकाने नुसते ४० सांगितले असेल, तर तेच पुरेसे आहे.

रस्त्यात ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेले आणि हवी ती ग्रेड मिळत नसेल, तर डिझेल इंजिनासाठीचे जे जवळचे मिळेल ते भरा. ऑइल कमी असताना गाडी दामटणे हे ग्रेड मिसळण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. किती भरले ते लिहून ठेवा, आणि गाडीला डीपीएफ असेल तर गावी पोचल्यावर पहिल्या सवडीने सगळे ऑइल बदलून घ्या.