ख्रिस्ती ‘तारण’ शब्दाचा दस्तऐवजी अर्थ

ख्रिस्ती धर्माचे मराठी ग्रंथ व पोथ्या चाळीत असतां ‘तारण’, ‘उद्धार’, ‘मुक्ति’ व ‘खंडणी’ हे चार शब्द वारंवार आढळतात. अभ्यासक बहुधा हे चारही एकार्थी समजून पुढें जातात, व ‘मुक्ति’ म्हटली कीं सायुज्याची कल्पना मनांत आणून अर्थ लावितात. आमच्या मतें घोटाळा येथेंच होतो. ज्या मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांचीं हीं रूपांतरें आहेत, ते शब्द वेदान्तांतले नसून बाजारांतले, कचेरींतले आणि भाऊबंदांतले आहेत. जुनीं खतें-पत्रें हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस ते इतरांपेक्षां लवकर उमगावे.

प्रथम हिब्रू शब्द ‘गोएल’ घेऊं. गोएल म्हणजे सोडवणूक करणारा जवळचा आप्त. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें एखाद्यानें दारिद्र्यामुळें जमीन विकली, तर ती सोडविण्याचा अधिकार त्याच्या निकटच्या भाऊबंदाचा; आणि त्यानें परक्याकडे स्वतःसच विकून घेतलें, तर भाऊ, चुलता किंवा चुलतभाऊ यांनीं त्याला सोडवावें. वतन परघरीं गेलें असतां भाऊबंदांनीं तें सोडवून घ्यावें, अशीच ही रीत दिसते. यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायांत तर अशा व्यवहाराची सबंध हकीकत आहे. अनाथोथ येथील शेत यिर्मया आपल्या चुलतभावाकडून १७ शेकेल रुपें तोलून घेतो, साक्षी घालतो, खरेदीखताच्या मोहरबंद व उघड्या अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यांत घालून जपून ठेववितो. मृतसमुद्राजवळील एका गुहेंत १९६०-६१ सालीं बाबथा नांवाच्या यहूदी स्त्रीचें दप्तर सांपडलें. त्यांत एकाच कागदावर मजकूर दोनदां लिहून वरचा भाग गुंडाळून शिवलेला, अशीं खतें आहेत. तीं यिर्मयाच्या नंतर अनेक शतकांचीं. तथापि बंद व उघडी प्रत ठेवण्याची पद्धति किती टिकाऊ होती तें त्यांवरून कळतें.

यांत मुख्य गोष्ट पैशाची नव्हे, नात्याची. गोएल परका असूंच शकत नाहीं. यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धांत हा शब्द देवास पुनःपुन्हा लाविला आहे, आणि ६३ व्या अध्यायांत ‘पिता’ व ‘सोडविणारा’ हीं दोन्ही पदें एकत्र येतात. अर्थात् देव सोडवितो तो धनी किंवा सावकार म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून.

ग्रीकमध्यें मात्र वातावरण बदलतें. ‘लुत्रोन’ म्हणजे कैदी किंवा गुलाम सोडविण्याकरितां दिलेलें द्रव्य. त्यापासून झालेला ‘आपोलुत्रोसिस’ शब्द पौलाच्या पत्रांत येतो. मराठीत ‘लुत्रोन’ला ‘खंडणी’ हा प्रतिशब्द रूढ झाला. ‘खंडणें’ म्हणजे रक्कम ठरविणें, हा मूळ अर्थ घेतल्यास तो शब्द चुकीचा नाहीं. परंतु मराठ्यांच्या इतिहासाचा वाचक ‘खंडणी’ ऐकतांच सुरतेकडे पाहतो, त्यास काय करावें?

डेल्फी येथील अपोलोच्या देवळाखालील भिंतीवर दास्यमुक्तीचे लेख कोरलेले आहेत. इ. स. पूर्व सुमारें २०० पासून इ. स. च्या पहिल्या शतकापर्यंतच्या या लेखांवरून एक हजाराहून अधिक दासांची सुटका समजते. दासाच्या किमतीची रक्कम देवास देऊन देव त्याला धन्याकडून ‘स्वातंत्र्याकरितां’ विकत घेतो, असा त्यांचा मसुदा. जर्मन पंडित डाइसमान यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पौलाच्या ‘तुम्ही मोलानें विकत घेतलेले आहां’ या आशयाच्या वाक्यांचा उलगडा या लेखांवरून केला. हें साम्य आम्हांस मोलाचें वाटतें, पण तें ताणूं नये. डेल्फीत खरेदी नांवाची. किंमत बहुधा दासानेंच जमविलेली असे, आणि कित्येक लेखांत जुन्या धन्याजवळ राहून चाकरी करण्याची अट आहे. पौलाच्या मतें सुटणाऱ्याजवळ कवडीहि नसते, व तो खरोखरच नव्या धन्याचा होतो.

कलस्सैकरांस पत्रांत (२:१४) आणखी एक कागद येतो, तो म्हणजे ऋणकोच्या हातचें कर्जखत. तें पुसून टाकून वधस्तंभास खिळलें, असें तेथें म्हटलें आहे. मिसर देशांतील पपायरसांत आडव्या-तिरप्या रेघा मारून रद्द केलेलीं खतें मिळतात. आपल्याकडील फारखतीची येथें सहज आठवण होते. परंतु फारखती झाली म्हणजे सावकार व कूळ यांचा संबंध संपतो. ख्रिस्ती मतानें संबंधाचा खरा आरंभ येथूनच आहे. म्हणून पौल कर्जाच्या भाषेवर थांबत नाहीं. गलतीकरांस पत्राच्या ४ थ्या व रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायांत तो दत्तविधानाची भाषा आणतो: जो दास होता तो पुत्र झाला, पुत्र म्हणून वारस झाला, व देवास ‘अब्बा’ म्हणजे बाबा म्हणूं लागला. रोमन कायद्यानें दत्तक गेलेला मनुष्य जुन्या कुलसत्तेंतून निघून नव्या कुळाचा पूर्ण वारस होई. आपल्या दत्तपत्रांत बहुधा निपुत्रिकाची गरज बोलते; येथें पुत्र असतांना दत्तक घेतले आहेत, व ते त्याचे सहवारस ठरतात. हा फरक लहान नव्हे.

खंडणी दिली ती कोणास? ओरिगेनानें सैतानाचें नांव सुचविलें, तें नाझियांझसच्या ग्रेगरीनें झिडकारलें. १०९८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ग्रंथांत अन्सेल्मनें देवाच्या मानाच्या भरपाईचा विचार मांडला. या मतांचा निवाडा धर्मशास्त्र्यांनीं करावा. आमच्या दृष्टीनें एवढेंच महत्त्वाचें कीं, देणेंघेणें पुढें आलें कीं देव धनको दिसूं लागतो, आणि गोएल व दत्तविधान विसरले जातात. मराठींतील ‘तारण’ शब्दाचीहि हीच गंमत आहे. देवघेवींत तो गहाण ठेवलेल्या वस्तूस लागतो, आणि प्रार्थनेंत सुटकेस.

आतां ख्रिस्तपुराणाकडे वळूं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचा सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला. १६४९ व १६५४ सालींहि तो निघाला. १९०७ सालीं साल्ढाना यांनीं मंगळूर येथें त्याची रोमन आवृत्ति काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित अॅबट यांनीं पुढें उजेडांत आणलें. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं पुष्कळदां संस्कृत शब्द आहेत. मूळ कोणतें, याविषयीं एकमत नाहीं. स्टीफन्स ‘मुक्ति’ व ‘वैकुंठ’ हे शब्द मोकळ्या मनानें वापरतो, पण त्याचा मुक्त जीव देवांत विरत नाहीं. तो घरीं परत आलेला असतो, आणि बोलावयास, स्तुति करावयास देवापासून वेगळा उरतो. हें ध्यानांत न घेतां ओव्यांवर टीपा दिल्यास त्या स्टीफन्सवर न होतां आपल्याच कल्पनांवर होतील. ज्यांच्या संग्रहीं या पुराणाच्या देवनागरी वा रोमन नकला असतील, त्यांनीं ‘मुक्ति’, ‘मोक्ष’ व ‘तारक’ हीं पदें कोणत्या ओवींत बदललेलीं आहेत, तेवढें ताडून पाहावें व पाठभेद मंडळाकडे पाठवावे.