फ्यूज कोणाला वाचवतो?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या मोटारींत विजेवर तापणाऱ्या सीट दिल्या. तशी सीट भंगारातून आणून जुन्या गाडीत बसवणारे हौशी लोक थंड देशांत आजही आहेत. बोल्ट जुळले की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण आपण नुसती सीट आणलेली असते. तिला सांभाळणारी व्यवस्था मूळ गाडीतच राहिलेली असते.

ती उभी कशी करायची? आधी हिशोब करू. सीटमधल्या तारेचा रोध २.४ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह, म्हणजे ६० वॅट उष्णता. दोन सीटना १० अँपिअर. हा भार रेडिओच्या बारीक वायरवर टाकायचा नाही. बॅटरीपासून वेगळी जाड वायर घ्यायची, बॅटरीजवळच फ्यूज, पुढे इग्निशनवर चालणारा रिले.

आता हा फ्यूज वाचवतो कोणाला? आपल्याला? नाही हो, वायरला! सीटमधली तार एका जागी झिजली, तर तिथला रोध वाढतो आणि तिथेच चटका बसतो. एकूण प्रवाह मात्र थोडा घटतोच. फ्यूजला काही कळत नाही. मधुमेहाने ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना भाजलेलंही उशिरा कळतं.

म्हणून सीट बसवण्याआधी बाहेर जोडून, हात फिरवून पाहायची. ऊब सगळीकडे सारखी हवी, आणि ठरावीक तापमानाला थर्मोस्टॅटने प्रवाह तोडलाच पाहिजे. एक जागा जास्त तापली, तर आतली तापणारी चटई बदलायची. आणि सीटमध्ये एअरबॅग असेल, तर तिच्या पिवळ्या जोडणीला मीटर लावायचाच नाही.