जुन्या औषधाला मिळालेली जोड

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण घरात असला, की "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न रोजचाच होतो. तो गोळी का टाळतो, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. झॅनोमेलीन या औषधाची हकिगत आज मी सांगणार आहे, ती याच प्रश्नासाठी.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोविकारांवर वापरले गेले. तेव्हापासून आलेली या आजारावरची औषधे मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला आवर घालतात. भास आणि संशय कमी होतात. पण कुणाचे हात थरथरतात, कुणाचे अंग आखडते, कुणाचे वजन वाढते.

झॅनोमेलीनची वाट वेगळी आहे. ते अॅसिटिलकोलिन या रसायनासारखे काम करते. या रसायनाचा स्मरणशक्तीशी संबंध असल्याने ते आधी अल्झायमरच्या ३४३ रुग्णांवर तपासले गेले. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांचे भास, संशय आणि आरडाओरडा कमी झाला होता. पण मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडले. मळमळ, उलट्या, घाम! कारण अॅसिटिलकोलिनचे काम मेंदूपुरते नसते. पोट, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी यांनाही तेच चालवते. एका वाफ्यासाठी सोडलेले पाणी साऱ्या शेतात पसरावे, तसे झाले. औषध मागे पडले.

पुढे अमेरिकेतल्या करुणा थेरप्युटिक्स या कंपनीने त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली. वारंवार लघवीच्या तक्रारीवरचे हे जुने औषध अॅसिटिलकोलिनला अडवते, पण मेंदूत जवळजवळ शिरत नाही. म्हणजे मेंदूचा वाफा भिजतो आणि बाहेर बांध पडतो. स्किझोफ्रेनियाच्या १८२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. लक्षणे कमी झालीच. शिवाय औषध घेणारे आणि नुसती निष्प्रभ गोळी घेणारे, दोन्हींत चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या जोडगोळीला 'कोबेन्फी' नावाने मान्यता मिळाली.

तरीही हुरळून जाऊ नये. मान्यतेमागच्या मुख्य चाचण्या पाचच आठवड्यांच्या होत्या. मळमळ, बद्धकोष्ठता पुरती गेलेली नाही. चालू औषधाच्या जोडीला हे दिल्यास अधिक गुण येतो का, हे पाहणाऱ्या चाचणीत २०२५ साली ठोस फरक दिसला नाही. म्हणून नव्या औषधाच्या बातमीवर विसंबून चालू गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

मला यातून एवढेच सांगायचे आहे, की रुग्णाची कुरकुर हा हट्ट समजू नका. झोप, वजन, थरथर यांविषयी तो जे सांगतो, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येते. मुकाट्याने बंद केलेल्या गोळीवर मात्र डॉक्टरांकडेही उपाय नसतो.