गेलर्टचं थडगं आणि खानावळवाला

उत्तर वेल्सच्या स्नोडोनियात, कोल्विन आणि ग्लासलिन नद्यांच्या संगमावर बेदगेलर्ट नावाचं चिमुकलं गाव आहे. करड्या दगडाची घरं, दोन कमानींचा पूल, चर्च, मोजकी हॉटेलं. येणारे बहुतेकजण मात्र नदीकाठची पायवाट धरतात आणि शेतातल्या एका झाडाखाली, कठड्यात उभ्या केलेल्या दगडांपाशी थांबतात. हे गेलर्ट कुत्र्याचं थडगं.

त्याची गोष्ट अशी: राजपुत्र लिवेलिन शिकारीहून परततो. पाळणा उलटलेला, बाळ दिसत नाही आणि समोर रक्ताने माखलेला गेलर्ट शेपूट हलवतोय. लिवेलिन तलवार खुपसतो. कुत्रा विव्हळतो, तोच बाळाचं रडणं ऐकू येतं: पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा.

ओळखीची वाटली ना? पंचतंत्रातल्या मुंगसाचीच ही गोष्ट. देशोदेशी फिरता फिरता मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा. जोसेफ जेकब्जने १८९२च्या आपल्या केल्टिक परीकथांच्या संग्रहात तिचा माग थेट हिंदुस्थानापर्यंत काढला आहे.

मग थडग्यात कोण? कुणीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण वेल्सचा डेव्हिड प्रिचर्ड इथे येऊन गोट हॉटेल चालवू लागला. डोंगर पाहायला प्रवासी येत होतेच, त्यांना गावात थांबवायला निमित्त हवं होतं. गावाच्या नावात 'गेलर्टचं थडगं' आयतंच होतं. हा गेलर्ट बहुधा कुणी जुना संत असावा. प्रिचर्डने त्याच्या जागी कुत्रा बसवला आणि दोघा गावकऱ्यांना हाताशी धरून दगड उभा केला. डी. ई. जेंकिन्स यांनी १८९९च्या पुस्तकात हे सगळं नावानिशी नोंदवलंय. विल्यम स्पेन्सरच्या कवितेने उरलेली जाहिरात फुकटात केली.

खरा इतिहास त्या मानाने उपेक्षितच. चर्च म्हणजे ऑगस्टिनियन मठाचा अवशेष; पूर्वेच्या भिंतीतल्या तीन उंच, निमुळत्या खिडक्या तेराव्या शतकातल्या. जवळची सिगनची तांब्याची खाण १९०३मध्ये बंद पडली, १९८६मध्ये पर्यटकांसाठी उघडली. १९५८च्या एका हॉलिवूडपटात तर इंग्रिड बर्गमनसाठी हेच डोंगर चीन झाले! सोंग घेणं या गावाला नवं नाही.

प्रिचर्डलाही गावाने सोडलं नाही. मेल्यावर त्याचं भूत फिरू लागलं आणि चुलीच्या दगडाखाली पुरलेल्या गिनींचा पत्ता सांगून मगच शांत झालं, अशी कथा आहे. जेंकिन्स यांच्या पुस्तकात तीही सापडते.