कोयासानचं जेवण गाठायचं आहे

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात गेले दोन महिने झोपण्यापूर्वीचं एक काम ठरलेलं आहे. स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाणी घ्यायचं, त्यात कोंबूची वीतभर पट्टी आणि तीन-चार सुकी शिताके अळंबी टाकून झाकून ठेवायचं. कोंबू म्हणजे समुद्रातलं जाड, काळपट हिरवं शेवाळ. बेंगळुरूला गेले की घेऊन येते. सकाळी पातेलं मंद आचेवर ठेवायचं आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घ्यायची. राहू दिली तर पाणी बुळबुळीत होतं. उरतं ते फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. खारट नाही, आंबट नाही, पण पुरणाचा कट जिभेवर रेंगाळतो तसं काहीतरी मागे राहतं. या चवीला ‘उमामी’ हे नाव किकुनाए इकेदा या टोकियोच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली दिलं, तेही कोंबूवरच काम करताना.

या पाण्याला म्हणतात दाशी. पुढच्या जुलैत मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने परदेशी, जपानला निघाले आहे, शाकाहारी आहे, आणि माझी सगळी आखणी या दाशीपासून सुरू झाली. कारण जपानमधली नेहमीची दाशी कात्सुओबुशीची असते, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पातळ पापुद्र्यांची. मिसो सूपमध्ये ती असते, सोबा-उदोन शेवयांच्या रश्शात असते, शिजवलेल्या भाजीत असते, उन्हाळ्यात थंडगार सोमेन शेवयांसोबत जी वाटी येते तिच्यातही असते. भाजीच दिसते म्हणून आपण खातो आणि मासा आधीच पोटात गेलेला असतो. तेव्हा नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मांस, मासे आणि माशाची दाशीही चालत नाही, असं जपानीत लिहिलेलं कार्ड मी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलं आहे.

आता प्रश्न उन्हाळ्याचा. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. २९ एप्रिल ते ५ मे त्यांचा गोल्डन वीक. तेव्हा अख्खा देश प्रवासाला निघतो. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयू, म्हणजे पावसाळा. तो सरला की क्योतोत ३५ अंशांच्या वर पारा आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. म्हैसूरच्या हवेत वाढलेल्या माणसाला ते जड जाणार. सुखाने फिरायचं तर गोल्डन वीक संपल्यापासून मे अखेरपर्यंतचे दिवस उत्तम, असं कुणालाही सांगेन.

मी मात्र जुलै धरला, तो गिओन मात्सुरीसाठी. इ.स. ८६९ मध्ये साथीचा रोग हटावा म्हणून सुरू झालेला हा उत्सव क्योतोत अख्खा जुलै चालतो आणि १७ तारखेला मोठ्या रथांची मिरवणूक निघते. या रथांची चाकं वळत नाहीत. चौकात आले की चाकांखाली बांबूच्या कामट्या अंथरतात, त्यावर पाणी ओततात आणि कित्येक टनांचा तो डोलारा माणसं दोरांनी ओढून कडेला सरकवत वळवतात. म्हैसूरच्या दसऱ्याची जंबू सवारी पाहायला तासन्‌तास रस्त्याकडेला उभं राहणाऱ्यांना त्या चौकात परकं वाटायचं कारण नाही.

क्योतोच्या उकाड्यातून मग सरळ डोंगरावर, कोयासानला. माझ्या मते पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या मराठी शाकाहारी माणसासाठी जपानात याहून चांगली जागा नाही. कूकाई या बौद्ध भिक्षूने ८१६ साली हे स्थान उभारलं. उंची सुमारे ८०० मीटर, त्यामुळे जुलैतही हवा गार. पन्नासेक मठ पाहुण्यांना उतरवून घेतात. या राहण्याला शुकुबो म्हणतात. जेवण शोजिन र्योरी, म्हणजे मांस, मासे, अंडी काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे ताट समजावून सांगावं लागत नाही. दाशी कोंबू-शिताकेचीच. तीळ वाटून कुझूच्या सत्त्वात घट्ट केलेलं गोमा-दोफू आणि थंडीत गोठवून वाळवलेलं टोफू, म्हणजे कोया-दोफू, ही इथली खासियत. पहाटे उपासना असते आणि काही मठांत अग्नीत समिधा अर्पण करतात. त्या विधीचं नाव ‘गोमा’, आपला होमच. ओकुनोइनच्या दफनभूमीत, उंच देवदारांखाली, पाच दगडांचे स्तूप उभे आहेत. ते पाच दगड पंचमहाभूतांचे आणि त्यांवरची अक्षरं संस्कृतची, सिद्धम लिपीतली.

कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली त्याचं अनावरण झालं. तिथे जाऊन उभं राहायचं, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं.

दुसरी नोंद न्योनिन्दोची, म्हणजे बायकांच्या देवळाची. शतकानुशतकं या डोंगरावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. सीमेवरच्या अशा सात छोट्या देवळांपर्यंत यायचं, तिथूनच हात जोडायचे आणि परत फिरायचं. सरकारने १८७२ साली बंदी उठवली. सातांपैकी एक देऊळ आज उभं आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू झालं, हे मी त्याच विद्यापीठात, एसएनडीटीत शिकताना ऐकलं होतं. त्याच जपानमधलं हे दाराबाहेरचं देऊळ मला बघायचं आहे, आणि मग ती सीमा चालत ओलांडायची आहे.

मुंबई इलाख्यात नोकरीत असताना विश्वेश्वरय्या १८९८ साली जपान पाहून आले आणि पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांना बोटीने जावं लागलं; आज बेंगळुरूहून टोकियोजवळच्या नारिताला थेट विमान आहे. रेल्वेचा सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन पडतात. माझ्यासारखं दोन-तीन ठिकाणीच राहणार असाल तर पास घेऊ नका, सुटी तिकिटं काढा. मोठी बॅग ताक्क्युबिन कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवता येते. डोंगरावर पाठीवरची पिशवी पुरे.

कोयासानला ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार आणि मग बस. मठात रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात, म्हणून नाम्बाहून दुपारी दोनच्या आत निघा.